एमिरेट्स एवढी मोठी कशी झाली?

आईला घेऊन दुबईमार्गे लंडनला चाललोय. यूएई एवढासा देश, डोमेस्टिक फ्लाइट्स जवळपास नाहीतच, मग एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीची ही अवाढव्य विमानं भरतात कशी?

उत्तर १: दादा, तुमच्यासारख्यांमुळेच भरतात. इकडची विमानं ठराविक वेळेत दुबईत उतरतात, माणसं-बॅगा बदलतात आणि थोड्या वेळात युरोप-अमेरिकेची विमानं सुटतात, म्हणून पहाटेसुद्धा टर्मिनल ३ भर बाजारासारखं गजबजलेलं असतं.

उत्तर २: सुरुवात वाचण्यासारखी आहे. गल्फ एअर या दुसऱ्या विमान कंपनीने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या म्हणून १९८५ ला राजघराण्याने १ कोटी डॉलर देऊन ही कंपनी काढली, पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीकडून विमानं भाड्याने घेतली आणि २५ ऑक्टोबरला पहिलं उड्डाण कराचीला केलं. मुंबई-दिल्ली पण अगदी पहिल्यापासून आहेत बरं का, मला याचं फार कौतुक वाटतं.

उत्तर ३: आणि ए३८०, म्हणजे एअरबसचं ते दुमजली विमान! २००८ ते २०२१ मध्ये १२३ घेतली, जगात दुसऱ्या कोणाकडेच एवढी नाहीत. आईंसाठी व्हीलचेअर आत्ताच बुक करा, गेट बदलताना खूप चालावं लागतं, मधे ट्रेन पण असते.