तारप्याचा गोल मोडला तेव्हा आपला संघ मोठा झाला का?

हॉस्टेलचा_भूत
परवा जुन्या कॉलेजात युथ फेस्टची तालीम बघायला गेलो आणि डोकं फिरलं. आमचा लोकनृत्याचा संघ सुरू झाला हॉस्टेलच्या मागच्या अंगणात. जव्हारकडचा एक मुलगा सुट्टीवरून येताना तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, घेऊन आला. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, सांधे मेणाने बुजवलेले. रात्री जेवणं झाली की तो वाजवायचा आणि आम्ही एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरायचो. मी रत्नागिरीचा, माझे पाय हमखास चुकायचे. शिकवलं कोणीच नाही. तारप्याचा सूर बदलला की पाऊल बदलायचं, एवढंच कळलं होतं. आवाजाची तक्रार गेली तेव्हा सांस्कृतिक विभागाच्या मॅडम बघायला आल्या आणि म्हणाल्या, हेच झोनलला, म्हणजे विद्यापीठ युवा महोत्सवाच्या विभागीय फेरीला, नेऊ या.

आता मुंबईहून कोरिओग्राफर येतो. बारा फॉर्मेशन (नाचणाऱ्यांच्या आकृत्या), दोन लिफ्ट (एकाला बाकीच्यांनी उचलून धरायचं), शेवटी मनोरा. आणि ज्याच्याभोवती फिरायचं तो तारपेवाला विंगेजवळ माइकसमोर बसलेला! बक्षिसं येतायत, पण याला संघ वाढणं म्हणायचं का?

झोनल_पार
म्हणायचं. तुमचा गोल अंगणात छान, पण स्टेजवर निम्म्या मुलांची पाठ परीक्षकांकडे. नियम माहीत आहेत ना? नाचणारे जास्तीत जास्त दहा, साथीला पाच, वेळ दहा मिनिटं. गुणांच्या रकान्यात ताल, वेशभूषा यांच्या जोडीला फॉर्मेशन स्वतंत्र आहे. दहा मिनिटं एकच गोल फिरवला तर त्या रकान्यात काय भरणार? एक वर्ष आम्ही ‘जसं आहे तसं’ केलं आणि झोनललाच घरी आलो. पुढच्या वर्षी तालमीला सहा जण उरले.

दुसरं म्हणजे, तारपा विंगेजवळ का होईना, आहे तरी. रेकॉर्डेड संगीत चालत नाही म्हणून आहे. तो नियम नसता तर पेनड्राइव्हवर भागलं असतं. स्पर्धेला शिव्या घालताना हेही मोजा.

जुनी_कवायत
शुद्धतेचं हे रडगाणं नवीन नाही. 1954 साली दिल्लीत तालकटोरा बागेत आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला, तेव्हापासून विद्यार्थी गावचे नाच स्टेजवर नेतायत. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनात आपलं लेझीम झालं, सांगलीकडचे खेळाडू होते. तेव्हा छाती फुगलीच ना सगळ्यांची?

हॉस्टेलचा_भूत
लेझीम आखाड्यातून शाळेच्या कवायतीत आलेलं. रांगा, हुकूम, मोठं मैदान हे त्याच्या अंगातच आहे. तारप्यात हुकूम वाजवणाऱ्याचा. त्याला कडेला बसवला की उरतो तो पीटीचा तास.

वाड्याची_पोर
तुम्ही दोघंही पाहुण्यासारखं बोलताय. मी वारली, दोन वर्षं अशाच एका संघात होते, म्हणून सांगते. तारपा घुमतो भात तयार झाल्यावर, दिवाळीपर्यंत. तुमची झोनल ऑगस्टात, तेव्हा आम्ही गुडघाभर चिखलात. म्हणजे गोल ठेवलात तरी ते ‘जसं आहे तसं’ नव्हतंच.

आणि फॉर्मेशनचं मला एवढं काही नाही वाटत. राग येतो कपड्यांचा. मला प्लास्टिकच्या पानांचा घागरा घालायला लावला आणि गालावर पांढरी माणसं काढली. आमची चित्रं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तोंडावर नाही. बाया गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात. मी सांगितलं, तर ‘लांबून दिसलं पाहिजे’ असं उत्तर. संघ मात्र सोडला नाही, हेही लिहिते. आजोबा पहिल्यांदा मुंबईच्या सभागृहात खुर्चीवर बसले ते माझ्यामुळे. नंतर एवढंच विचारलं, वाजवणारा कुठे लपला होता?

झोनल_पार
घागऱ्याचं पटलं, तो आमच्याकडेही होता. लाज वाटते. पण तारपेवाला मधे आणला तर तो अकरावा नाचणारा धरतील आणि संघ बाद होईल.

हॉस्टेलचा_भूत
मग त्याला दहात धरा. नऊ जण फिरतील. पहिली तीन मिनिटं गोल, पुढे घाला काय घालायचा तो मनोरा. रविवारी तालमीला जाऊन सांगतो.

झोनल_पार
नऊ जणांत लिफ्ट बसत नाही.

जुनी_कवायत
देवा!

वाड्याची_पोर
तीन नाही, चार मिनिटं. लुगडी मी पाड्यावरून आणून देते. धुऊन परत द्यायची, पिना टोचायच्या नाहीत. आणि नेसवायला माझी काकू येईल, तिच्या एसटीचे पैसे कोरिओग्राफरच्या मानधनातून कापा.