सिरॅमिक शेगडीवर साखर सांडली तर वाट पाहू नका
सिरॅमिक शेगडी म्हणजे वरून सपाट काच असलेली विजेची शेगडी. तिच्यावर काहीही सांडलं तरी काच पूर्ण गार झाल्यावरच पुसावी, असा सल्ला दिला जातो. एरवी हे अगदी बरोबर, पण साखर किंवा पाक सांडला तर उलट करायचं. साखर गार होताना काचेला इतकी घट्ट धरते की नंतर काढताना काचेचाच टवका निघतो. माझ्या शेगडीवर नखाएवढा खड्डा आहे, तो असाच पडला. म्हणून आधी आच बंद करा, भांडं उचला, जाड हातमोजा घाला आणि पात्याचा स्क्रेपर तिरका धरून पाक गरम असतानाच गार भागाकडे ओढून घ्या. उरलेला डाग काच निवल्यावर. वितळलेल्या प्लास्टिकचंही तेच.

गरम काचेवर ओलं फडकं कृपा करून टेकवू नका, वाफेने बोटं भाजतात. आणि काचेखालची लाली गेली म्हणजे काच निवली असं नाही. शिल्लक उष्णतेचा दिवा विझेपर्यंत मुलांना लांबच ठेवा.

काचेला केसाएवढा जरी तडा दिसला तरी मेन स्विच बंद करून वापर तिथेच थांबवा. तड्यातून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो.