गरम इंजिन चालू व्हायला त्रास देते : तपासणीची सुरुवात कुठून करावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, इंजेक्टर असलेली चारचाकी आहे. इंजिन थंड असताना ती पहिल्याच सेल्फला चालू होते. प्रवासातून आल्यावर बंद करून लगेच चालू केली, तरीही तक्रार नसते. मात्र गाडी वीस-पंचवीस मिनिटे उभी राहिली, की सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, चालू झाल्यावर इंजिन काही सेकंद थरथरते आणि मग सुरळीत चालते. दोन-तीन तास उभी राहिल्यास हा त्रास होत नाही. चेक लाइट लागलेला नाही. बॅटरी आणि स्पार्क प्लग नवे आहेत. गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, पण पंपच खराब असेल तर थंड गाडी इतकी चटकन कशी चालू होते, हे मला उमगत नाही. पंपावर खर्च करण्यापूर्वी कोणत्या चाचण्या कराव्यात आणि कोणत्या क्रमाने, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

तुमच्या वर्णनातील सर्वांत मोलाची माहिती वेळेची आहे. इंजिन बंद झाले की वॉटर पंप थांबतो आणि कूलंट फिरायचे थांबते. पण इंजिनच्या धातूत साठलेली उष्णता तशीच राहते, ती सावकाश बाहेर पडते आणि बॉनेटखालची हवा गाडी धावत असतानापेक्षाही अधिक तापते. साधारण पंधरा ते तीस मिनिटांच्या या काळात फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी), इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा सोडणारे भाग), सेन्सर, इग्निशन कॉइल आणि स्टार्टर मोटर सर्वच चांगले भाजून निघतात. म्हणून तपासणीही त्याच वेळी व्हायला हवी. सकाळी गॅरेजमध्ये सोडलेली गाडी मेकॅनिकच्या हाती येईपर्यंत थंड झालेली असते, आणि मग निदानाऐवजी सुटे भाग बदलणे सुरू होते.

पहिली गोष्ट कानाने तपासा. त्रास होत असताना सेल्फ नेहमीच्याच वेगाने फिरतो, की जड आवाज करत रेटत फिरतो? जड फिरत असेल, तर पेट्रोलच्या बाजूला वळूच नका. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा स्टार्टर गरजेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढतो आहे. व्होल्टेज टिकून असूनही सेल्फ रेंगाळत असेल, तर इंजिनपासून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी आणि स्टार्टरची जाड वायर तपासा, कारण गंजलेल्या जोडाचा विद्युतरोध तापल्यावर आणखी वाढतो.

सेल्फ नेहमीसारखा फिरत असेल, तर प्रश्न ठिणगीचा किंवा पेट्रोलचा आहे.

दुसरा प्रतिसाद

ठिणगीच्या बाजूने सर्वांत जास्त संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर (इंजिनच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणारा सेन्सर) घेतला जातो. त्याच्या आतील गुंडाळी तापल्यावर तुटक होते, इंजिन फिरते आहे याची खबर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) मिळत नाही, आणि मग ठिणगी व इंजेक्शन दोन्ही बंद राहतात. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे यंत्र) जोडून सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा पाहा. इंजिन फिरत असूनही तो शून्यावर राहिला, तर हा सेन्सर जवळजवळ पकडला गेला असे समजा. तरी तुमच्या गाडीत हे कारण मला कमी संभवते, कारण हा सेन्सर गेला की इंजिन थंड होईपर्यंत सहसा दादच देत नाही. तुमचे इंजिन उशिरा का होईना, पण चालू होते.

स्कॅनर लावलाच आहे, तर कूलंटचे तापमानही वाचून घ्या. इंजिन गरम असताना ते ८० ते ९५ अंशांच्या आसपास दिसायला हवे. सेन्सर चुकून वीस-तीस अंश दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो आणि प्लग भिजतात. असा चुकीचा आकडा शक्य कोटीतला असल्याने चेक लाइट लागेलच असे नाही.

तिसरा प्रतिसाद

मला हा पेट्रोलच्या दाबाचा प्रश्न वाटतो. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) इंजेक्शन असलेल्या बहुतेक गाड्यांत फ्युएल रेलमधला दाब ३ ते ४ बार असतो आणि गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकावा अशी रचना असते. पेट्रोलमधील हलके घटक उघड्या हवेत साधारण ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. दाबाखाली मात्र ते तापलेल्या रेलमध्येही द्रवरूप राहतात. दाब गळून गेला, की रेलमध्ये पेट्रोलऐवजी वाफ भरते, आणि पंपाने ती वाफ दाबून पुन्हा द्रव भरेपर्यंत सेल्फ मारत राहावे लागते. थंड असताना वाफच नसते, त्यामुळे दाब गळालेला असला तरी पंप एक-दोन सेकंदांत तो उभा करतो. थंड गाडी चटकन का चालू होते, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

दोन चाचण्या घरीच करा, पण एकाच वेळी नव्हे. प्रत्येकीसाठी गाडी पुन्हा गरम करून वीस मिनिटे उभी ठेवा. पहिलीत किल्ली फक्त इग्निशनपर्यंत फिरवा, मागच्या सीटखालून पंपाची घरघर ऐकू येईल, ती थांबली की किल्ली बंद करा. असे तीन वेळा करून मग सेल्फ मारा. दुसरीत किल्लीचा हा खेळ न करता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. अनेक गाड्यांत असे केल्याने ईसीयू त्या वेळेपुरते इंजेक्शन थांबवतो आणि साचलेले पेट्रोल निघून जाते. पहिलीने फरक पडला तर दाब गळतो आहे, दुसरीने पडला तर सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होते आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सेल्फचा वेग गरम-थंड दोन्ही वेळा सारखाच आहे. स्कॅनरवर आरपीएम आणि तापमान दोन्ही योग्य दिसले. पहिल्या चाचणीत गाडी लवकर चालू झाली, पण थरथर कायम राहिली आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आला. दुसऱ्या चाचणीतही नेहमीपेक्षा लवकर चालू झाली. दोन्हींनी फरक पडल्यामुळे मी अधिकच गोंधळलो आहे.

तिसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

हा गोंधळ नसून बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. पंपातील उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह गळत असता, तर पेट्रोल टाकीत परतले असते, वास आला नसता आणि ॲक्सिलरेटर दाबून काही साधले नसते. इंजेक्टर गळत असेल, तर एकाच गळतीने दाबही जातो आणि एखादा सिलिंडरही भिजतो. माझा संशय इंजेक्टरवर आहे.

खात्री अशी करून घ्या. मेकॅनिकला रेलवर प्रेशर गेज आणि टाकीकडून येणाऱ्या लाइनवर बंद करता येणारा कॉक लावायला सांगा. पंपाने दाब भरला की कॉक बंद करावा. दाब टिकला तर दोष टाकीच्या बाजूला आहे आणि गॅरेजचा सल्ला बरोबर आहे. तरीही घसरत राहिला तर इंजेक्टर गळतो आहे. प्लास्टिकची लाइन पक्कडीने दाबून ही चाचणी कोणी करत असेल तर थांबवा, कारण ती तडकते आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल सांडणे फार धोक्याचे आहे.

चौथा प्रतिसाद

माझी डिझेल गाडीही गरम असतानाच असा त्रास देते. तिलाही हेच लागू होते का?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळणाऱ्या इंजिनात) इंजिन चालू होण्यासाठीच साधारण २०० बार किंवा त्याहून अधिक दाब लागतो. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्न लाइनमध्ये (जास्तीचे डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीत) निसटते. प्रत्येक इंजेक्टरचे रिटर्न वेगळ्या बाटलीत घेऊन मोजायला सांगा. एखादी बाटली इतरांपेक्षा पुष्कळ भरली, तर तो इंजेक्टर दोषी आहे.

मूळ प्रश्नकर्ता

कॉक बंद असतानाही गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. त्यानंतर रेल इंजेक्टरसकट वर काढून पंप चालवला, तेव्हा तीन इंजेक्टरांची टोके कोरडी राहिली आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या टोकाशी थेंब जमून गळू लागला. त्या सिलिंडरचा प्लगही काळा आणि ओला निघाला. आता इंजेक्टर साफ करून घ्यावा की नवा बसवावा?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

चारही इंजेक्टर अल्ट्रासॉनिक यंत्रावर साफ करून घ्या आणि त्यानंतर दाबाखाली गळतीची चाचणी पुन्हा करा. टोकाशी घाण बसल्यामुळे गळत असेल, तर तो सुधारतो. इंजेक्टरच्या आतली, तोंड बंद करणारी बैठकच झिजली असेल, तर नवाच बसवावा लागेल. परत बसवताना सर्व ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) नव्या घाला. शिवाय इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घेऊन पाहा. इतके पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरले असेल, तर ऑइल पातळ झालेले असणार. तसे आढळल्यास मुदतीची वाट न पाहता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, मात्र इंजेक्टरची दुरुस्ती झाल्यानंतरच.