घोडा लावायला देताना

घोडीला घोडा लावायला दिला तर पैसे आधी घ्यावेत की घोडी गाभण राहिल्यावर, यावरच सगळा वाद चालतो. आमच्या शहादा भागात काका त्यांचा मारवाडी जातीचा घोडा लावायला द्यायचे. निम्मे पैसे आधी, निम्मे घोडी गाभण ठरल्यावर. घोडी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर (घोडा घ्यायला तयार) आली, तर त्या माजाला फुकट. भांडण नाही.

खरी गोची वेळेची. माज साधारण २१ दिवसांनी येतो, पाच-सात दिवस टिकतो आणि बीज सुटतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. लोक पहिल्याच दिवशी टेम्पोत घालून आणतात! काका आधी मध्ये आडवं लाकूड ठेवून घोडा नुसता दाखवायचे. घोडीने कान पाडून लाथ झाडली की परत पाठवायचे. शेपूट बाजूला करून मुतू लागली की मगच शेपटीला फडकं गुंडाळून घोडा सोडायचे. हिवाळ्यात तर बऱ्याच घोड्या माजावरच येत नाहीत, त्यामुळे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तिथे घोडा नुसता बघून ठेवा, घोडी उन्हाळ्यात न्या.

आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय परकी घोडी दारात घेऊ नका. तो रोग माणसालाही होतो. इथे मात्र ओळखपाळख बघायची नाही, पाहुण्यांची घोडी असली तरी.