त्वचेचा लेशमॅनियासिस: सर्व्हेत नेमकं काय विचारू?

पाऊलखुणा:
सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावून जो त्वचेचा लेशमॅनियासिस (परजीवीमुळे त्वचेवर होणारे व्रण) होतो त्याच्या रिस्क फॅक्टरवर खेड्यात घरोघरी सर्व्हे करायचाय. प्रश्नावली केली तर सर बघून म्हणाले हे मलेरियाचं झालं! साठलेलं पाणी, टाक्या, मच्छरदाणी आहे का, असंच सगळं घातलं होतं मी. मग विचारू तरी काय? आणि गुरं-कुत्री असली की धोका वाढतो की कमी होतो, दोन्ही वाचलंय, डोकं फिरलंय नुसतं.

भिंगरी:
सर बरोबर बोलले :) सँडफ्लाय पाण्यात अंडी घालत नाही गं, तिला ओलसर कुजकी माती लागते, म्हणजे गोठ्याचा कोपरा, उंदरांची बिळं, भिंतीच्या भेगा. त्यामुळे आधी घर बघ. भिंत मातीची का, गिलावा आहे का, भेगेत बोट जातं का. मच्छरदाणी आहे का एवढंच विचारून भागणार नाही, माशी जेमतेम 2-3 मिलिमीटरची, साध्या जाळीतून आरामात आत शिरते, जाळी बारीक आहे का आणि औषध लावलेली आहे का ते विचार. झोपतात कुठे तेही, कारण ती चावते मुख्यतः संध्याकाळ ते पहाट. उडायला अगदी लेचीपेची, उड्या मारल्यासारखी जाते, पंख्याच्या वाऱ्यातही टिकत नाही. गुणगुण तर नाहीच, म्हणून "आमच्याकडे असलं काही नाही" म्हणाले तरी लगेच टिक करू नकोस.

जुना_खोडरबर:
जनावरांचं दोन्ही खरं आहे. आधी तिथे लेशमॅनिया परजीवीचा कुठला प्रकार आहे ते बघा. ट्रॉपिका बहुतेक माणसाकडून माणसाकडेच जातो, काबूलमध्ये तसंच आहे, तिथे घरात आधी कुणाला व्रण होता का हाच मोठा प्रश्न. मेजर असेल तर रानउंदरांची बिळं, आणि इन्फँटम असेल तर कुत्री. गुरांचं म्हणाल तर माशी त्यांच्यावर पोट भरते म्हणून माणूस वाचू शकतो, पण शेणामातीत तिचीच पैदास वाढते, मग गोठा घरालाच चिकटलेला असला तर काय फायदा. "गुरं आहेत का" असं हो-नाही नको, अंथरुणापासून किती पावलांवर बांधता ते विचारा. वयही लिहा. आजार जुना असेल तिथे लहान मुलंच जास्त सापडतात, मोठ्यांना आधीच होऊन गेलेला असतो. सगळ्या वयाचे दिसले तर साथ नवी किंवा लोक बाहेरून आलेले.

अर्धवट_झोप:
मला झालेला, मनगटावर. आधी चामखिळीएवढा लाल फोड, मग मधे खड्डा आणि कडा वर आलेल्या, आणि दुखत अजिबात नाही! म्हणून चार महिने मी गळवाचं मलम चोळत बसलो, एका डॉक्टरांनीही बुरशी म्हणून औषध दिलं (नाव नको). शेवटी दुसऱ्यांनी व्रणाच्या कडेचा नमुना घेतला, मधला नाही, तेव्हा सापडलं. मग फोडातच इंजेक्शनं, ती मात्र दुखली बरं का. वण अजून आहे. तर "जखम आहे का" विचाराल तर लोक नाही म्हणतील, "न दुखणारा, महिनोन्महिने न भरणारा फोड" असं विचारा, आणि जुने वण स्वतः बघा, चेहरा हात पाय, रात्री पांघरुणाबाहेर राहतं ते सगळं.

पाऊलखुणा:
बाप रे, प्रश्नावली अर्धी फाडावी लागणार. "भेगेत बोट जातं का" जसाच्या तसा उचलतेय हं भिंगरी. टाक्यांचे सहा प्रश्न उडवले. @जुना_खोडरबर पावलं त्यांना विचारू की मीच मोजू?

जुना_खोडरबर:
तुम्हीच मोजा. विचारलंत तर सगळ्यांचा गोठा लांबच असतो.