घरच्या मंडळींसोबत डावपेचांचे पटखेळ: बहुतेक डाव मीच जिंकते आणि आता कोणी बसायला तयार होत नाही

सोंगटी (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे आमच्याकडे दर शनिवारी रात्री पट मांडला जातो. मी, माझे यजमान, ११ वर्षांची मुलगी, दीर आणि जाऊबाई असे पाच जण असतो आणि सासूबाई मधूनमधून येऊन बसतात. सुरुवात ‘कॅटान’ने झाली. तो चौघांचा खेळ असल्यामुळे मुलगी तिच्या बाबांच्या बाजूने, म्हणजे खरे तर लिंबूटिंबू म्हणूनच, खेळत असे. पुढे ‘कारकासोन’ आले आणि नंतर ‘तिकीट टू राइड’, ज्यात रंगीत पाने जमवून नकाशावरचे रेल्वेमार्ग घ्यायचे असतात आणि पाचही जणांना आपापले डबे मिळतात.

अडचण अशी आहे की या खेळांची ओढ मुळात मलाच आहे. नियमपुस्तिका मी वाचते, समजावून मी सांगते, आठवड्यात वेळ मिळाला की डावपेचांवरचे लेखही वाचते, आणि त्यामुळे बहुतेक डाव मीच जिंकते. गेल्या दोन महिन्यांपासून जाऊबाई “तुम्ही खेळा, मी बघते” असे म्हणू लागल्या आहेत. दीर खेळतात, पण त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. मुलगी तर एकदा म्हणाली, “आई, मी काय करू ते तूच सांग, म्हणजे डाव लवकर संपेल.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मागच्या शनिवारी मी ‘तिकीट टू राइड’मध्ये मुद्दाम ढिलाई केली. सहा डब्यांचा हिरवा मार्ग घेण्याइतकी पाने हातात असूनही तो घेतला नाही. डाव मुलगी जिंकली. पट आवरताना तिने विचारले, “तू सहा हिरवी पाने माझ्यासमोर उचलली होतीस, मग तो मार्ग मोकळा का सोडलास?” मला उत्तर देता आले नाही, आणि ती त्या रात्री माझ्याशी फारसे बोलली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्यासारख्या कमी-अधिक तयारीच्या मंडळींना एकत्र बांधून ठेवतील असे डावपेचांचे खेळ कोणते? आणि खेळ न बदलता मला माझ्या वागण्यात काही बदलता येईल का?

शक्यता (उत्तर)

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यात आहे. तयारीतला फरक उघडपणे मान्य करून डावाच्या आधीच भरून काढणे आणि डाव चालू असताना गुपचूप हार पत्करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गो’ या प्राचीन खेळात ही रीत फार जुनी आहे: दुबळ्या भिडूला डाव सुरू होण्याआधी पटावर ठरावीक ठिकाणी दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या ठेवू दिल्या जातात, आणि दोघांच्या श्रेणींत जितके अंतर असेल तितक्या त्या सोंगट्या असतात. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही, कारण सवलत सर्वांसमोर दिलेली असते आणि त्यानंतर दोघेही पूर्ण ताकदीने खेळतात.

‘कॅटान’मध्ये हे सहज करता येईल. नियमाप्रमाणे १० गुणांना डाव जिंकला जातो. तुमच्यासाठी ती मर्यादा १२ ठेवा, इतरांसाठी १० राहू द्या. तुम्ही जिंकलात तर पुढच्या खेपेस १३, लागोपाठ दोनदा हरलात तर ११. काही आठवड्यांत तुमच्या घरापुरता योग्य आकडा आपोआप सापडेल. ‘तिकीट टू राइड’मध्ये सुरुवातीला तीन तिकिटे, म्हणजे कोणती दोन शहरे जोडायची ते सांगणारी पाने, मिळतात आणि त्यांतील किमान दोन ठेवावी लागतात; तुम्ही तिन्ही ठेवायचीच, असे ठरवून घ्या. अपुऱ्या राहिलेल्या तिकिटाचे गुण वजा होत असल्यामुळे हे ओझे चांगलेच जाणवते.

मात्र त्याआधी एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: तुम्हाला जे माहीत आहे ते तुम्ही त्यांना सांगितले आहे का? नियम सांगणे वेगळे आणि खेळाचे मर्म सांगणे वेगळे. ‘कॅटान’मध्ये फाशांवर जो आकडा पडतो, त्या अंकाच्या षटकोनालगतच्या वसाहतींना माल मिळतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ हा आकडा सहा प्रकारे येतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच प्रकारे. ‘कॅटान’च्या अंकांखाली जे बारीक ठिपके छापलेले असतात ते हेच सांगतात. वसाहतीभोवतीच्या तीन षटकोनांवर ८, ५ आणि १० हे अंक असतील तर ठिपके ५, ४ आणि ३ मिळून १२ होतात. २, ११ आणि ४ असतील तर १, २ आणि ३ मिळून फक्त ६. म्हणजे पहिल्या भिडूला सरासरीने दुप्पट माल मिळणार, आणि हा निर्णय फासा एकदाही पडण्याआधी झालेला असतो. ज्याला हे ठाऊक नाही तो पुढचा तासभर नशिबाला दोष देत बसतो. पहिल्या दोन वसाहती मांडताना हे ठिपके सर्वांनी मिळून मोठ्याने मोजावेत, असा माझा आग्रह आहे. असेच ‘तिकीट टू राइड’मधल्या गुणांचे: एका डब्याच्या मार्गाला १ गुण असतो, पण सहा डब्यांच्या मार्गाला १५. हे कोष्टक पटावरच छापलेले असते, तरी त्याचा अर्थ पहिल्या दोन-तीन डावांत कोणाच्या लक्षात येत नाही.

मौनराग

अशा प्रश्नाला बहुधा “सहकाराचे खेळ आणा” हे उत्तर मिळते, म्हणून आधीच सावध करावेसे वाटते. मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ (२००८) हा माझा अत्यंत आवडता खेळ आहे. चार रोग जगभर पसरत असतात, प्रत्येक भिडूला आपल्या पाळीत चार कृती करता येतात आणि सगळे मिळून एकतर जिंकतात किंवा हरतात. हरण्याचे मार्ग तीन आहेत, जिंकण्याचा एकच. परंतु सर्व माहिती उघड असल्यामुळे ज्याला खेळ सर्वांत जास्त कळतो तो इतरांच्या पाळ्याही खेळू लागतो, आणि बाकीचे त्याने सांगितलेली प्यादी हलवत राहतात. तुमची मुलगी “तूच सांग” असे आजच म्हणत असेल, तर ‘पँडेमिक’मध्ये तिला ते म्हणावेही लागणार नाही.

तुमच्या घराला असे सहकाराचे खेळ हवेत ज्यांत सल्ला देणे नियमानेच अशक्य असते. आंत्वान बोझा यांच्या ‘हानाबी’ला २०१३ साली ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. त्यात आपली पाने आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. आणि इतरांनी द्यायचे संकेत मोजकेच असतात, तेही फक्त रंगाचे किंवा अंकाचे. तुम्ही कितीही निष्णात असलात, तरी तुमच्या हातात काय आहे हे तुम्हाला मुलीकडूनच कळणार आहे. जिच्यावर तुम्ही आजवर उपकार करत होतात, तिच्यावर विसंबून राहणे म्हणजे काय हे पहिल्याच डावात समजेल.

दुसरा ‘द क्रू’, जो २०१९ साली आला. हात करण्याचे पत्त्यांचे खेळ ज्यांना येतात त्यांना तो पाच मिनिटांत समजतो: चार रंगांची १ ते ९ पाने आणि चार अग्निबाणांचे हुकूम. फरक इतकाच की कोणते पान कोणी जिंकलेल्या हातात आले पाहिजे हे आधी ठरलेले असते आणि ते सर्वांनी मिळून जमवायचे असते. बोलण्यास मनाई असते. एका मोहिमेत प्रत्येकाला फक्त एकदा, एकाच पानाबद्दल, ते आपल्याकडील त्या रंगाचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान की एकमेव आहे, एवढेच खुणेने दाखवता येते. पन्नास मोहिमा असतात, हळूहळू अवघड होत जाणाऱ्या, आणि एक मोहीम काही मिनिटांत आटोपते. तुमच्या सासूबाईंना पत्ते येत असतील तर या खेळात त्या तुम्हा सर्वांच्या पुढे असतील.

जुना भिडू

सवलतीची कल्पना मला पटते, पण या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोलले नाही. जी मुलगी समोरच्याने कोणती सहा पाने उचलली हे लक्षात ठेवते आणि पटावर कोणता मार्ग मोकळा राहिला हे ओळखते, ती लिंबूटिंबू नाही. ती तुमच्याइतकीच डाव वाचते आहे. फक्त आपल्या वाचनावर विसंबून निर्णय घेण्याची संधी तिला मिळालेली नाही. मुद्दाम हरून आपण तिला विजय दिला नाहीत, तिचे निरीक्षण खोटे पाडण्याचा प्रयत्न केलात, आणि तिने ते पकडले. तिला राग आला यात मला तिचा सन्मान दिसतो. तिला सरळ सांगा की ती चूक होती आणि पुन्हा होणार नाही.

पुढचा नवा खेळ आणाल तेव्हा पेटी तिच्या हातात द्या. नियम तिने वाचायचे, सर्वांना तिने समजवायचे, आणि तोवर तुम्ही पुस्तिकेला हातही लावायचा नाही. तुमचे वर्चस्व बुद्धीपेक्षा तयारीतून आलेले आहे असे तुमच्याच वर्णनावरून दिसते. तयारीची जागा बदलली की पट बराच सपाट होतो.

पाच जणांसाठी मी ‘सेव्हन वंडर्स’ (२०१०) सुचवेन. तीन ते सात जणांचा हा खेळ आहे आणि त्यात सर्व जण एकाच वेळी पान निवडतात, उरलेली पाने शेजाऱ्याकडे सरकवतात. त्यामुळे भिडू वाढले म्हणून वेळ वाढत नाही. तीन युगे, प्रत्येक युगात सात पानांपैकी सहा खेळायची, म्हणजे डावभरात अठरा निर्णय आणि वाट पाहणे जवळजवळ नाही. आपले दीर घड्याळाकडे पाहतात, असे आपण लिहिले आहे. मला वाटते की त्यांना खेळाचा कंटाळा आलेला नसून दुसऱ्यांच्या पाळ्यांचा आला आहे. चार जण विचार करत असताना पाचव्याने काय करायचे, हा मोठ्या पटखेळांतला खराच दोष आहे. याच कारणासाठी ‘रिस्क’सारखे खेळ कौटुंबिक बैठकीत टाळावेत, कारण त्यांत एखादा भिडू मध्येच बाद होतो आणि उरलेला वेळ नुसता पाहत बसतो.

आणखी एक सवय सोडावी लागेल. डाव संपल्यावर “तू तिथे असे करायला हवे होतेस” असे म्हणू नका. बुद्धिबळपटू डावानंतर दोघे मिळून चाली पुन्हा मांडून पाहतात, पण त्यात “तुझा विचार काय होता?” हा प्रश्न आधी येतो. समोरच्याचा बेत ऐकून घेतला की पुष्कळदा कळते की तो चुकीचा नव्हता, फक्त एक पाळी उशिरा आला.

पाणवठा

जाऊबाईंना कोणी विचारले आहे का? “मी बघते” याचा अर्थ दर वेळी “मी हरते म्हणून कंटाळले” असा नसतो. काहींना हरण्याचे काही वाटत नाही, पण आपण मांडलेले कोणी मोडले की फार वाईट वाटते. तसे असेल तर पाहण्याची गोष्ट एवढीच की खेळात एकमेकांच्या मालमत्तेला हात लावता येतो की नाही. ‘कारकासोन’मध्येही पहिले काही डाव शेतकऱ्यांचा नियम (शेतात प्यादे ठेवून शेवटी गुण मिळवण्याचा) बाजूला ठेवून खेळता येतात; शेतावरून होणारी कुरघोडी त्याने टळते.

सोंगटी

तीन शनिवार झाल्यावर लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार.

मुलीशी बोलले. तिने एवढेच विचारले, “आधीही असे केले होतेस का?” मी नाही म्हणाले, आणि ते खरे होते. ‘सेव्हन वंडर्स’ तिनेच वाचून शिकवला. शेजाऱ्याकडून माल विकत घेण्याचा नियम तिने पहिल्यांदा चुकीचा सांगितला, दिरांनी शंका काढली, तिने पुस्तिका पुन्हा उघडली आणि आम्ही तो डाव तिथेच थांबवून नव्याने मांडला. मला उत्तर माहीत नव्हते, त्यामुळे गप्प बसणे मला पहिल्यांदाच अवघड गेले नाही. सहा जणांत मी चौथी आले. दिरांनी त्याच रात्री दुसरा डाव मागितला.

पाणवठा यांचे म्हणणे अगदी बरोबर ठरले. जाऊबाईंना हरण्याचे काही नव्हते. ७ पडला की प्रत्येक जण चोर (जमिनीचा माल अडवणारी सोंगटी) त्यांच्याच जमिनीवर नेऊन ठेवतो आणि हातात सातहून जास्त पाने साठली असतील तर निम्मी टाकावी लागतात, याचा त्यांना मनस्ताप होत होता. दोन वर्षांत त्या हे एकदाही बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. आता ‘कॅटान’च्या वेळी त्या आपणहून बाजूला बसतात आणि ‘द क्रू’च्या वेळी सर्वांत आधी येतात. त्या खेळात सासूबाईंनी आम्हाला खरोखरच मागे टाकले आहे. हातात कोणते पान राखून ठेवायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. उलट एका मोहिमेत आम्ही तीनदा हरलो, ते माझ्या घाईमुळे.

‘कॅटान’मध्ये यजमानांनी आपली जागा मुलीला दिली आहे, आणि सासूबाई चौथ्या भिडू म्हणून बसतात. ठिपके आम्ही मोठ्याने मोजतो. १२ गुणांच्या अटीवर मी दोन डाव खेळले आणि दोन्ही हरले, दुसरा मुलीकडून, एका गुणाने. शक्यता यांनी सांगितलेल्या रीतीप्रमाणे आता माझी मर्यादा ११ व्हायला हवी, पण मुलीचे म्हणणे आहे की दोन डावांवरून काही ठरवता येत नाही, किमान चार तरी हवेत. तिने वहीत तशी अट लिहून माझी सही घेतली आहे, त्यामुळे येत्या शनिवारीही मी १२ वरच खेळणार आहे.