मदत हवी आहे: लाकडी प्रॉपचा (प्रोपेलरचा) हब, म्हणजे मधला भाग, एका बाजूला जड

नमस्कार मंडळी, पेट्रोल इंजिनच्या आरसी (रिमोट कंट्रोलच्या) विमानाच्या मॉडेलसाठी १८ बाय ८ चा (व्यास १८ इंच, पिच म्हणजे एका फेरीतली चाल ८ इंच) लाकडी प्रॉप मॅग्नेटिक बॅलन्सरवर (प्रॉपचा दांडा चुंबकाने अलगद धरणारं साधन) बॅलन्स करतोय. पाती आडवी ठेवली की आता बरोब्बर स्थिर राहतात, जड पात्याच्या पुढच्या फुगीर बाजूला बारीक पॉलिशपेपर मारत मारत तिथपर्यंत आणलंय, कडांना अजिबात हात लावला नाही कारण पात्याचा आकार बिघडायला नको. पण प्रॉप उभा केला की हळूहळू कलंडतो, खालचं पातं वर घेतलं तरी हबची तीच बाजू खाली जाते, म्हणजे हबच जड आहे ना? बॅलन्सरचा कोन (प्रॉप मध्यावर धरणारा शंकू) फिरवून पण बघितला, काही फरक नाही.

आता हबच्या हलक्या बाजूला इपॉक्सी गोंदाचा थेंब लावू की जड बाजू घासू? घासायला मन होत नाही, बोल्टचा सगळा दाब तिथेच येतो आणि तिथे चीर गेली तर फिरत्या प्रॉपचा तुकडा कुणालाही लागू शकतो. शिवाय घासलेल्या पात्याला वार्निशचा हात द्यावाच लागेल, नाहीतर लाकूड ओल धरेल, पण त्याने वजन परत बदलणार, मग हबचं काम वार्निशच्या आधी करू का नंतर? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.